अर्ध्या दिवसात नागपूर : एका वारसा-फेरीचा प्रकरण अभ्यास

पुण्याहून आलेला तीसजणांचा गट. निम्मे वास्तुकलेच्या दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी, बाकी शिक्षक आणि हौशी मंडळी. हाताशी डिसेंबरातला एक रविवार, तोही सकाळी सात ते साडेदहा एवढाच, कारण बहुतेकांची दुपारची गाडी ठरलेली. मागणी एका ओळीची होती: नागपूरची वास्तुकला दाखवा.

स्थानिक आयोजकांनी पहिला आराखडा केला त्यात नऊ थांबे होते. गांधी गेट, महाल या जुन्या वस्तीतलं रुक्मिणी मंदिर, एक जुना वाडा, शुक्रवारी तलाव, रेल्वे स्टेशन, सीताबर्डीचा किल्ला, झिरो माइल, विधानभवन आणि उच्च न्यायालय. सगळं पायी. कागदावर यादी देखणी दिसते आणि अशा बहुतेक फेऱ्या तिथेच फसतात. प्रत्यक्ष फेरीच्या आठ दिवस आधी त्याच वारी, त्याच वेळेला पाहणी झाली तेव्हा आराखडा तीन ठिकाणी अडकला.

आधी वेळेचा हिशेब. महालातला फेरफटका धरून अंतर पाच किलोमीटरच्या आसपास भरतं. एकटा माणूस ते तासाभरात चालतो. तीसजणांच्या रांगेला बर्डीसारखे, म्हणजे सीताबर्डीसारखे, चौक ओलांडत एका किलोमीटरला वीस ते पंचवीस मिनिटं लागतात. म्हणजे नुसतं चालण्यातच पावणेदोन तास गेले. थांबा पंधरा मिनिटांचा ठरवला तरी वीस मिनिटांचा होतो: शेवटचा माणूस पोहोचेपर्यंत तीन मिनिटं, एखाद्याचा प्रश्न, कुणाचा तरी फोटो. नऊ थांब्यांचे तीन तास. बेरीज पावणेपाच तासांची आणि हातात साडेतीन. शिवाय नागपुरात सकाळी तर्री-पोह्याला अर्धा तास न ठेवणारा आयोजक पाहुण्यांचं मन राखू शकत नाही, हेही हिशेबात धरावं.

दुसरी अडचण महिन्याची. डिसेंबर म्हणजे विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन. त्या दिवसांत विधानभवनाभोवती बॅरिकेड्स, वळवलेली वाहतूक, मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला अडवलेले मोर्चे. रविवारी कामकाज नसलं तरी लोखंडी कठडे जागचे हलत नाहीत आणि घोळक्याने उभं राहून इमारतीकडे बोट दाखवणाऱ्यांना पोलीस हटकतात. त्यांचंही काही चुकत नाही. त्यामुळे अधिवेशनाच्या काळात विधानभवन यादीतून सरळ काढून टाकावं.

तिसरी अडचण सगळ्यात मोठी, आणि ती या शहराचीच आहे. नागपुरात पाहण्यासारख्या इमारतींपैकी बहुतेकींच्या आत जाता येत नाही. किल्ला लष्कराकडे आहे. सर्वसामान्यांना तो २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट या दिवशी खुला होतो. उच्च न्यायालयाला सुरक्षा आहे, विधानभवनाला आहेच. वाडे म्हणजे नांदती घरं. स्टेशन खुलं असलं तरी तिथे तीसजणांनी प्रवाशांच्या वाटेत उभं राहणं बरं नव्हे. मुंबईच्या फोर्टात किंवा पुण्याच्या पेठांत वापरलेला ‘आत शिरा आणि वर बघा’ हा साचा इथे चालत नाही. आयोजकांना इथे एकच निर्णय घ्यायचा होता: दारं बंद असताना लोकांना दाखवायचं काय?

उत्तर निघालं ते भिंतीचं. आतली दालनं सोडून द्यायची आणि बाहेरून दिसणारा दगड, वीट, चुना, लाकूड हाच फेरीचा धागा करायचा. त्याला नागपूरइतकं सोयीचं शहर महाराष्ट्रात दुसरं सापडणं कठीण.

दगडांच्या सीमेवरचं शहर

दख्खनचा काळा कातळ पश्चिमेकडून येतो आणि नागपूरपाशी संपतो. सीताबर्डीची टेकडी त्याच कातळाची. उत्तरेला कामठी, सिलेवाडा, सावनेर या बाजूला गोंडवाना काळातला वालुकाश्म आहे. पिवळसर, तांबूस, लोहाचे डाग असलेला. पूर्वेला त्याहून कितीतरी जुने स्फटिकी खडक. इथल्या खडकांचा अभ्यास एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरच सुरू झाला होता. ज्यांच्या नावाचं हिस्लॉप कॉलेज आहे ते स्टीफन हिस्लॉप मिशनरी होते, आणि या परिसराच्या भूविज्ञानावर त्यांनी हंटर यांच्यासोबत केलेलं काम आजही उल्लेखलं जातं.

गवंड्याच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. काळा दगड कठीण, पाणी कमी पितो, पण घडवायला वेळखाऊ. म्हणून तो जोत्याला, पायरीला, तळखड्याला म्हणजे खांबाखालच्या दगडाला. वालुकाश्म छिन्नीला मऊ, त्यावर नक्षी छान उठते. म्हणून तो दर्शनी भागाला, कमानीला, कोरीव खांबाला. मऊपणाची किंमत मात्र नंतर मोजावी लागते: तो पाणी पितो, आणि पाण्याबरोबर क्षारही. हे एवढं सुरुवातीला पाच मिनिटांत सांगितलं की पुढची सगळी फेरी लोक स्वतः वाचू लागतात.

महाल

देवगडच्या गोंड राजा बख्तबुलंदशहाने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बारा वाड्या एकत्र करून नागपूर वसवलं. त्याचा मुलगा चांद सुलतान याने गावकोट आणि जुम्मा तलाव बांधला. तोच आजचा शुक्रवारी किंवा गांधीसागर. पुढे भोसले आले. त्यांचा मूळ राजवाडा १८६४च्या आगीत गेला आणि गावकोटही पाडला गेला. म्हणून महालात ‘राजधानी’ शोधायला गेलेला माणूस निराश होतो. वेस, देवळं, वाडे आणि गल्ल्यांची वळणं एवढंच उरलंय, पण ते पुरेसं आहे.

गांधी गेटपाशी, म्हणजे जुन्या जुम्मा दरवाजापाशी, थांबा फक्त दहा मिनिटांचा ठेवला. तिथे बघायच्या गोष्टी दोनच. कमानीचा पाय रस्त्याखाली किती गाडला गेलाय ते, कारण डांबराचे थर चढत गेले की कमान ठेंगणी दिसू लागते आणि रस्त्याचं पाणी जोत्याकडे वळतं. दुसरं, गुडघ्याच्या उंचीपर्यंत गाड्यांच्या धक्क्याचे ओरखडे. सकाळी साडेसातनंतर इथे आवाज पोहोचत नाही, म्हणून फेरी सातला इथूनच सुरू करायची.

रुक्मिणी मंदिरापाशी कोरीव काम बघायचं. डिसेंबरात नागपूरला सूर्य पावणेसातच्या सुमारास आग्नेयेकडून उगवतो आणि दिवसभर दक्षिणेकडूनच सरकतो. म्हणजे पूर्वेची व दक्षिणेची भिंत उजळते. उत्तरेची दिवसभर सावलीत राहते. कोवळं ऊन भिंतीला घासून येतं तेव्हा छिन्नीचे ओरखडे, आडव्या थरांच्या रेषा, झिजलेल्या कडा स्पष्ट दिसतात. नऊनंतर तीच भिंत सपाट दिसते. थांब्यांचा क्रम इमारतींच्या इतिहासावरून न लावता उन्हावरून लावला, तो याचसाठी. देवळांत आणखी एक गोष्ट हमखास सापडते: दगडावर चढवलेला ऑइल पेंट. दगडातला ओलावा बाहेर पडायची वाटच बंद होते, रंगाखाली फुगे येतात आणि फुगा फुटला की रंगासोबत नक्षीचा पातळ पापुद्राही जातो. पुजाऱ्यासमोर यावर प्रवचन झोडू नये. रंग श्रद्धेने दिलेला असतो.

वाडा हा फेरीतला सर्वांत नाजूक थांबा. परवानगी मिळाली ती पुढचा चौक आणि ओसरीपुरती, पंधरा मिनिटांची. त्यासाठी घरातल्या थोरल्या बाईंना आधी प्रत्यक्ष भेटून किती माणसं येणार, कुठपर्यंत येणार आणि फोटो कशाचे काढणार हे सांगितलं होतं. नुसत्या घरच्या कर्त्या पुरुषाला फोन करून मिळालेली परवानगी ऐनवेळी मोडते, कारण सकाळी सात-आठला चौकात धुणी-भांडी चालू असतात आणि गटाची अडचण घरातल्या बायकांना होते. माणसांचे फोटो नाहीत, देवघराकडे कॅमेरा नाही आणि वाड्याचा आराखडा काढलाच तर तो समाजमाध्यमावर टाकायचा नाही, या तीन अटी दाराबाहेरच सांगून टाकल्या.

चौकात वेळ कमी, म्हणून एकाच खांबापाशी सगळे. सुरूदार, म्हणजे सुरूच्या झाडासारखा घडवलेला लाकडी खांब, त्याखाली काळ्या दगडाचा तळखडा, वर आधाराचा हस्त, त्यावर तुळई म्हणजे आडवं लाकूड. तळखड्याचं काम फक्त भार जमिनीत नेण्याचं नाही. लाकूड ओल्या जमिनीपासून वर ठेवणं हे त्याचं निम्मं काम. जुन्या घरांत फरशी बदलताना नेमकं हेच विसरलं जातं. जुन्या शेणाच्या किंवा दगडी जमिनीवर काँक्रीटचा थर, त्यावर चकचकीत टाइल्स. जमीन तीन-चार इंच वर येते आणि तळखडा पोटात जातो. आता लाकडाचा पाय थेट टाइलला टेकतो. रोज फरशी पुसली की पाणी त्या बारीक फटीत उतरतं आणि वर यायला जागा नसते. दोन-चार पावसाळ्यांत खांबाचा खालचा सहा इंचांचा भाग मऊ पडतो, मग वाळवी.

ओळखायचं कसं? खांबावर बोटाच्या पेराने खालून वर टकटक करत जायचं. निरोगी लाकूड टणक वाजतं, कुजलेलं भदभद. खालच्या भागात रंग फुगलेला असेल किंवा मातीची बारीक नळी वर चढलेली दिसली तर वाळवी आहे. टोचणीने टोचून पाहायचं काम मालकाच्या परवानगीशिवाय करू नये. आणि उपाय विचारला तर तोही सांगता येतो: खांबाभोवती चार इंच टाइल कापून तळखडा मोकळा करायचा, तो खोलगट भाग जाड वाळू-खडीने भरायचा, सिमेंटने कधीच नाही. कुजलेला तुकडा कापून नवं सागवान जोडायचं असेल तर आधी तुळईला टेकू. हे काम मुरलेल्या सुताराचं.

बर्डी आणि सिव्हिल लाइन्स

महालातून झिरो माइलला पायी जाण्याचा हट्ट सोडला. ई-रिक्षांनी पंधरा मिनिटांत गट पोहोचतो आणि पाय उरतात. स्टेशन, किल्ला जाता जाता बसल्या जागेवरून. १९२५मध्ये सुरू झालेल्या स्टेशनच्या इमारतीलाही सावनेरकडचा वालुकाश्म आहे, तेवढं सांगून पुढे.

झिरो माइलपाशी गैरसमज पिकलेत. तिथे दोन वेगळ्या गोष्टी शेजारी उभ्या आहेत. एक उंच वालुकाश्माचा स्तंभ, ज्यावर जबलपूर, हैदराबाद, चांदा, शिवनी, छिंदवाडा अशा गावांची मैलांतली अंतरं आहेत. दुसरा, त्यामानाने लहान दगड: जी. टी. एस. आणि १९०७ असं कोरलेला, म्हणजे भारतीय त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची समपातळीची खूण. पहिला रस्ते मोजतो, दुसरा समुद्रसपाटीपासूनची उंची, सुमारे १,०२० फूट. ‘भारताचा मध्य’ म्हणून सेल्फी काढायला येणारे बहुतेक जण स्तंभाशेजारच्या घोड्यांच्या पुतळ्यांपाशी थांबतात आणि मोजमापाचा दगड न बघताच परततात. विद्यार्थ्यांना इथे पाच मिनिटं दिली, अक्षरांची कोरणी कशी आहे ते पाहायला. अक्षराच्या आतल्या कडा तीक्ष्ण आहेत की गोलावलेल्या, यावरून दगड किती झिजला ते कळतं. नाणं किंवा किल्लीने अक्षर घासून बघणाऱ्याला लगेच थांबवायचं.

यादीतला शेवटचा थांबा उच्च न्यायालय. वास्तुविशारद एच. ए. एन. मेड. दिल्लीत लट्यन्स आणि बेकर या वास्तुविशारदांच्या काळात काम केलेला हा माणूस. तिथलं कॅथीड्रल चर्च ऑफ द रिडेम्प्शन त्याचंच. नागपूरची कोनशिला ९ जानेवारी १९३७ला बसली, उद्घाटन ६ जानेवारी १९४०ला. खर्च ७,३७,७४६ रुपये. मूळ आराखडा ४०० फूट बाय २३० फुटांचा, दुमजली, मध्ये जमिनीपासून १०९ फूट उंच घुमट. दर्शनी भाग वालुकाश्म आणि विटांच्या पट्ट्यांचा. आत शहाबादी आणि संगमरवर. उद्घाटनाच्या वेळी व्हाइसरॉयनी या इमारतीला दगडातलं काव्य म्हटलं होतं आणि तेव्हापासून प्रत्येक वाटाड्या तेच वाक्य पाठ म्हणतो. विद्यार्थ्याला त्याहून १०९ हा आकडा जास्त उपयोगी. रस्त्यावरून हात लांब करून पेन्सिलीवर घुमटाची उंची मापायची, तीच पेन्सिल आडवी करून दर्शनी भागाची रुंदी मापायची. आकडा माहीत असल्याने आपलं डोळ्याचं माप किती चुकतं ते तिथेच कळतं. पेन्सिलीचा हात मात्र दोन्ही वेळा तेवढाच ताठ हवा.

विटांचं बांधकाम जवळून दिसेल तिथे आणखी एक सोपी युक्ती. इंग्रजी काळातली वीट सांध्यासकट ढोबळमानाने तीन इंच उंच धरतात, म्हणजे चार थरांना एक फूट. थर मोजले की शिडी न लावता भिंतीची उंची कळते. आधी हाताशी येणारे चार थर टेपने मोजून आकडा पक्का करायचा, कारण सांधा जाड असेल तर चाळीस थरांत फूटभराचा फरक पडतो. भोसलेकालीन बांधकामाला हे गणित लावू नये. तिथली वीट पातळ असते.

बाहेरची भिंत बघायला नऊ ते साडेनऊची वेळ ठेवली होती. न्यायालयाच्या आवारात पूर्वपरवानगीशिवाय शिरायचं नाही, फोटो तर नाहीच. म्हणून सोबत आठपट क्षमतेची दुर्बीण. दोन दुर्बिणी तीसजणांना पुरत नाहीत, चार हव्यात.

भिंतीचा एक हात तुकडा

सगळ्या फेरीत सर्वांत जास्त वेळ, पंचवीस मिनिटं, एका साध्या कुंपणभिंतीपाशी गेला. सिव्हिल लाइन्समध्ये जुन्या बंगल्यांच्या वालुकाश्माच्या भिंती रस्त्याकडेला आहेत. अशी भिंत कुणी अडवत नाही आणि शिकवते मात्र पुष्कळ.

चांगला भाग आणि दुरुस्त केलेला भाग शेजारी असलेली भिंत निवडायची. मूळ चुन्याच्या दरजा, म्हणजे दगडांमधले भरलेले सांधे, असतील तिथे दगड आणि सांधा एका पातळीत झिजलेले दिसतात. सांधा किंचित आत गेलेला. सिमेंटने दरजा भरल्या आहेत तिथे उलटं चित्र: राखाडी सांधे चौकटीसारखे बाहेर उभे आणि मधला दगड खोलगट, पीठ सुटलेला. कारण पाण्याच्या वाटेत आहे. पावसाचं आणि जमिनीचं पाणी भिंतीत जातंच. चुना सच्छिद्र, त्यातून ते वाफ होऊन निघतं आणि क्षार सांध्यातच जमतात. सांधा खराब झाला की पुन्हा भरता येतो. सिमेंट दगडापेक्षा घट्ट, म्हणून पाणी दगडातून बाहेर येतं. कडेला ते सुकताना क्षारांचे स्फटिक दगडाच्या कातडीखाली वाढतात आणि पापुद्रा उडवतात. खालच्या दोन-तीन फुटांत पांढरा लोणा, म्हणजे क्षारांचा थर, दिसतो तो याच प्रकारचा. नागपूरच्या उन्हाळ्यात भिंत भाजते आणि पावसाळ्यात भिजते, त्यामुळे ही प्रक्रिया जोरात चालते.

दहापट भिंग लावून विद्यार्थ्यांनी दोन्ही सांधे पाहिले. चुन्याच्या सांध्यात वाळूचे कण सुटे दिसतात, मध्ये पांढऱ्या गाठी. नखाने ओरखडा उठतो. सिमेंटचा सांधा एकसंध, नख घसरतं. हे नखाचं परीक्षण फक्त ज्याच्या मालकाची हरकत नाही अशा भिंतीवर.

दुरुस्ती कशी करावी, हे विचारलं गेलं. सिमेंट छिन्नीने हलक्या हाताने काढायचं, ग्राइंडरने नाही; ग्राइंडर घसरला की दगडाची कड जाते. सांधा रुंदीच्या दुप्पट खोल मोकळा करून धुऊन ओला ठेवायचा. चुना आणि स्वच्छ धारदार वाळू साधारण एकास तीन. नवा सांधा दगडाच्या पातळीपेक्षा किंचित आत, आणि आठवडाभर ओलं गोणपाट टाकून झाकलेला, नाहीतर विदर्भाच्या कोरड्या हवेत तो दोन दिवसांत भेगाळतो. एप्रिल-मेमध्ये हे काम हाती घेऊच नये. आणि हे सगळं आधी हातभर तुकड्यावर करून महिनाभर बघायचं. ठेकेदार सर्वांत आधी सुचवतात ते वाळूचा मारा आणि पारदर्शक लेप. पहिला दगडाची टिकाऊ वरची कातडी काढतो, दुसरा ओलावा आतच कोंडतो. वारसा यादीतल्या इमारतीला हात लावायचा असेल तर महापालिकेकडे वारसा संवर्धन समितीची परवानगी आधी लागते; रंगकामालाही ती लागते का, हे काम काढण्यापूर्वीच विचारून घ्यावं.

साहित्य आणि माणसं

तीसजणांचे तीन गट, प्रत्येकी दहा. एकाच गटाने फिरलं तर मागच्या पंधराजणांना काहीच ऐकू जात नाही. भोंगा वापरला तर महालातल्या गल्लीत खिडक्या उघडतात. तीन वाटाडे मिळाले नाहीत म्हणून दोन शिक्षकांना आदल्या संध्याकाळी भिंतीपुरती तालीम दिली. गट दहा मिनिटांच्या अंतराने सोडले, त्यामुळे वाड्यात तीसही जण एकदम कधीच नव्हते.

प्रत्येक गटाकडे पाच मीटरचा टेप, दहा-दहा सेंटिमीटरला काळा-पांढरा पट्टा मारलेली मीटरभर काठी, ओळंबा, भिंग, दुर्बीण, टोचणी नाहीच. मीटरकाठी फोटोत उभी ठेवली की नंतर घरी बसून मापं काढता येतात. ती भिंतीला टेकून आणि सरळ हवी, पुढे ठेवली तर माप फसतं. नोंदीचा एक कागद: जागा, दिशा, दगड, सांधा, बिघाड, त्याचं संभाव्य कारण. कारणाच्या रकान्यात ‘जुनं झालंय’ लिहिलेलं चालत नाही. तेवढ्या एका नियमाने नोंदी सुधारल्या.

पाहुण्यांनी दीक्षाभूमीचाही आग्रह धरला होता. तो नाकारला नाही, फक्त या सकाळीत बसवला नाही. शिवदानमल यांनी साकारलेला तो स्तूप सांचीच्या धर्तीचा असला तरी आतून पोकळ आहे; उंची आणि व्यास दोन्ही सुमारे १२० फूट, दगड राजस्थानातल्या धौलपूरचा. १९७८ला काम सुरू झालं, १८ डिसेंबर २००१ला राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते उद्घाटन झालं. दगडाच्या धाग्यात तो चपखल बसतो: शेजारी कामठी असताना दगड इतक्या लांबून आला, हा प्रश्न विद्यार्थ्यांना घालण्यासारखा. पण ती १४ ऑक्टोबर १९५६च्या धर्मांतराची भूमी आहे, लोक तिथे वंदनेला येतात. घड्याळाकडे बघत वीस मिनिटांत उरकायची जागा नव्हे. ज्यांची गाडी रात्रीची होती त्यांना दुपारी स्वतंत्र पाठवलं.

प्रत्यक्षात फेरी दहा पस्तीसला संपली. पोहे झिरो माइलनंतर झाले. वाड्यात दुसऱ्या गटाने ठरलेल्यापेक्षा सात मिनिटं जास्त घेतली, ती भिंतीच्या थांब्यातून कापली. शुक्रवारी तलाव सुटला. वाड्याच्या खांबाचे फोटो आणि टाइल कापण्याचं रेखाटन त्याच आठवड्यात घरी पोचवलं. पुढच्या गटासाठी दार उघडं राहायचं तर हे काम आधी करावं लागतं. किल्ला बघायचाच असलेल्यांची यादी वेगळी केली आहे, ती २६ जानेवारीसाठी.